आधी जमीन सांगा

वैजनाथअप्पा समोरच्या माणसाची प्रकृती विचारण्यापूर्वी त्याच्या सायकलीचा टायर अंगठ्याने दाबून पाहतात. रस्त्यात भेट झाली की ते प्रथम खाली वाकतात. अनोळखी माणसाला वाटते, हे वयोवृद्ध गृहस्थ आपल्या पाया पडत आहेत. तो संकोचाने मागे सरतो. अप्पा सायकलीचे हँडल धरून त्याला पुढे ओढतात आणि विचारतात, "कुठल्या जमिनीवर चालवता ही?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचा अंगठा टायरवरून निघत नाही.

अहमदपुरात त्यांना वेडे म्हणतात. हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ते कसे चुकीचे आहे हे नोंदविण्यासाठीच मी लिहावयास बसलो आहे. मी येथील न्यायालयात आयुष्यभर वकिली केली. खोट्या साक्षीचा वास मला दुरून येतो. बसस्थानकासमोरच्या टपरीवर गोविंदराव नावाचे माझे एक समवयस्क रोज सकाळी अप्पांविषयी जे सांगतात, त्यातील एकही वाक्य उलटतपासणीत टिकणारे नाही.

प्रथम पक्षकाराची ओळख. अप्पा पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. देवणीला होते, इस्लापूरला होते, मध्ये आणखी कोठे कोठे होते. बैलाचा खूर उचलून पाहण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी डोंगरवाटांवर चालविण्याची जाड टायरांची सायकल घेतली, आणि खुरांवरची नजर तशीच टायरांवर आली. त्यांच्या बैठकीत जेथे इतर लोक पूर्वजांच्या तसबिरी लावतात, तेथे वापरून झालेले टायर खुंट्यांना टांगलेले आहेत. पत्नी गेल्यापासून घरात ते एकटेच. पाहुणा आला की चहा ठेवण्याआधी त्या टायरांची ओळख करून देतात. "हा लई गुणी, पण भित्रा. हा मुरमावर घोड्यासारखा, चिखलात म्हशीसारखा."

माझी त्यांची ओळख लहानपणापासूनची. त्यांचे वडील आमच्या गावी शाळामास्तर होते. त्यांना जमीन नव्हती. आमच्या भागात वेळ अमावास्येला घरेच्या घरे शेतावर जेवावयास जातात, कडब्याची कोप उभारून पूजा करतात, पिकाभोवती आंबील शिंपडतात; एकाने हाळी द्यावयाची, मागच्यांनी तीच परत म्हणावयाची. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने बोलवावयाचे, हा रिवाज आहे. मास्तरांचे बिऱ्हाड आमच्याकडे येत असे. ते शेत पुढे गावासकट तलावाखाली गेले. त्या भूसंपादनाविरुद्ध मी लढलो आणि हरलो. त्या दिवसापासून मी त्या पाण्याकडे पाहिलेले नाही, आणि कोणी पाहण्यास सांगितलेले मला चालत नाही. हा विषय येथे अप्रस्तुत आहे.

आता आरोप पहिला. गोविंदराव सांगतात, नांदेडच्या सायकलच्या दुकानातून अप्पांना हाकलून दिले. मी त्या दुकानात हजर होतो, गोविंदराव नव्हते. डोळे तपासण्यासाठी मी नांदेडला निघालो, तेव्हा अप्पा एक कापडी पिशवी घेऊन सोबत आले. पिशवीत फराळ असेल असा माझा समज होता. दुकानदाराने काउंटरवर एक टायर ठेवला, त्यावरची रबराची बटणे बोटभर उंचीची. म्हणाला, "अप्पा, डोळे झाकून घ्या. लई भारी ग्रिप हाय."

"आधी जमीन सांगा, मग टायर मागा," अप्पा म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून अनेकदा उच्चारतात. मग पिशवीतून त्यांनी एक पुडी काढली, तीतली काळी माती काउंटरवर ओतली, खिशातल्या बाटलीतले पाणी तीत घातले, मळली, आणि टायर तीत दाबून फिरवला. बटणांमधल्या फटी गच्च भरल्या.

"अहो अप्पा! काउंटर हाय हे, वावर न्हाई!"

"बघ की. तुझी ग्रिप कुठं गेली? आता हा टायर ऱ्हायला न्हाई, भाकर झाली."

नंतर दुसऱ्या पुडीतला मुरूम निघाला, तिसरीतले सराटे निघाले. दुकानदाराने फडके आणले. पण हाकलले नाही. उलट एक खुर्ची मला दिली आणि स्वतः अप्पांसमोर उकिडवा बसला. दोघांत ठरले ते असे: पुढच्या चाकाला विरळ, कडेला उंच बटणांचा टायर, कारण वाट तो धरतो, मागच्याला बुटक्या, दाट बटणांचा, कारण ओढण्याचे काम त्याचे. ट्यूब नको. आत ते पांढरे औषध घालावयाचे, म्हणजे सराटा घुसला तरी भोक आपोआप बुजते. अप्पा त्या औषधाला दूध म्हणतात. "पाजलं का दूध?" असे त्यांनी भर बाजारात एका डॉक्टरांना विचारले होते, त्याचा गोविंदरावांनी भलताच अर्थ पसरवला, तो मी येथे उच्चारणार नाही.

आरोप दुसरा अधिक गंभीर आहे. रविवारी सकाळी गावातली काही प्रतिष्ठित मंडळी सायकलींवर डोंगराकडे जातात. एकदा अवकाळी पावसानंतर ही मंडळी काळ्या रानात अडकली. गोविंदराव सांगतात, की अप्पा सर्वांना चिखलात टाकून पळाले. आणि परत येऊन त्यांनी एवढे लांबलचक व्याख्यान दिले, की तेवढ्या वेळात चिखल वाळून चाके आपोआप मोकळी झाली.

काळ्या मातीचा चिखल एका व्याख्यानात वाळत नाही. ज्याने आयुष्यात शेत पाहिले आहे तो असे विधान करणार नाही. वस्तुस्थिती अशी, की गोविंदरावांनी हट्टाने ट्रॅक्टरच्या धर्तीचे टायर बसविले होते, आणि चाक फिरेनासे झाल्यावर त्यांना स्वतःची सायकल खांद्यावर घ्यावी लागली. अप्पा बांधाच्या गवतावरून पुढे गेले ते वस्तीवरून खुरपे आणण्यासाठी. परतल्यावर त्यांनी एकेक चाक खरवडले. व्याख्यान दिले, हे मला मान्य आहे. "बैलाचा खूर चिखल धरून ठेवत न्हाई, म्हणून बैल चालतो. तुमच्या टायरात तर आख्खं वावर बसलंय, गोविंदराव. सातबारा करून घ्या." हे शेवटचे वाक्य त्यांनी बोलावयास नको होते. गोविंदरावांचे वैर तेथून सुरू झाले.

अप्पा अचूक आहेत, असे माझे म्हणणे नाही. गेल्या वर्षी ते कोठेतरी सायकलसकट पडले, गळपट्टीचे हाड मोडले. कोठे पडलात, या प्रश्नाला ते एवढेच उत्तर देत, "मागचा टायर चुकला माझा. लई गुळगुळीत घेतला." एकाच वाटेवर मुरूम, दगड आणि गाळ असे तिन्ही पेलणारा टायर त्यांना हवा होता. मी विचारले, आपल्या तालुक्यात अशी वाट आहे कोठे? ते म्हणाले, "हाय एक." अशिलाला नको तो प्रश्न विचारू नये हे मी जाणतो. मी थांबलो.

मग तांब्याचे प्रकरण सुरू झाले. ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या कॅरिअरला बांधून अप्पा गल्लीतून, खडीवरून, नाल्याच्या उतारावरून फिरू लागले. परत आले की वाकून पाहत, किती सांडले. सांडले असेल तर टायरातली हवा थोडी सोडत आणि पुन्हा निघत. "हवा कमी केली की टायर दगड गिळतो," असे ते मला समजावत, "पर लई कमी केली की गाळात बसतो." गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हसत. गोविंदरावांनी तर थेट पुण्याला फोन केला.

पुण्याहून अप्पांची एकुलती मुलगी संगीता आली, ती वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशी. सायकल विकावयाची आणि वडिलांना घेऊन जावयाचे, एवढे ठरवूनच आली होती. प्रथम माझ्याकडे आली.

"काका, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते. या वयात हाड मोडून घेतात, तांब्या घेऊन फिरतात. लोक हसतात. मी तिकडे रात्ररात्र जागी असते."

"लोक हा पुरावा नव्हे," मी म्हणालो.

"मग पुरावा काय?"

"स्थळपाहणी. उद्या ते कोठे जातात ते पाहू. त्यानंतर मी जे सांगेन ते तू मान्य करशील, आणि तेही करतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा निघाले. कॅरिअरला तांब्याऐवजी मडके होते, तोंडाला फडके बांधलेले. आम्ही संगीताच्या गाडीतून अंतर राखून मागे. गाव ओस पडलेले. दुतर्फा ज्वारीतून कोपी दिसत होत्या, माणसे पंगतीला बसलेली. अप्पांनी डांबरी सोडली आणि ते एका जुन्या गाडवाटेला लागले. आम्ही कडेच्या एका शेतात विचारले.

"अप्पा व्हय? दरसाल जातेत की इथूनच," शेतकरीण म्हणाली. "जाताना पाणीसुदिक घेत न्हाईत. येताना जेवतेत. तुमी बसा की, भज्जी हाय, उंडे हायत."

"येताना बसतो बाई. गाडी कोठवर जाते?"

"खिंडीपर्यंत जाती. पुढं काय हाय? पाणीच."

मी काचेतून समोर पाहिले. वाट मला ओळखू आली. गाडी परत वळव, असे सांगण्याचा मला अधिकार होता; परंतु स्थळपाहणी मीच मागितली होती.

खिंडीत गाडी थांबली. संगीता उतरली. मी काही काळ आतच बसलो, मग उतरलो.

खाली अप्पा उतारावर होते. पेडलवर उभे राहून, ढुंगण सीटच्या मागे नेऊन, मोठमोठ्या दगडांमधून सायकल सोडवीत ते चालले होते, पण लक्ष सारे मागे मडक्याकडे. उतार संपून गाळ लागला. तेथे मागचे चाक एकदा सरकले. संगीताने माझा दंड घट्ट धरला. चाक सावरले. पाण्याने नुकत्याच सोडलेल्या काठावर एका चिंचेचे वठलेले खोड उभे आहे; त्यापाशी ते थांबले. त्यांनी सायकल खोडाला टेकवली, मडके सोडले, आणि सोबत आणलेली डहाळी आंबिलीत बुडवून ते शिंपडू लागले. जेथवर जमीन उघडी होती तेथवर मातीवर, आणि नंतर गुडघाभर पाण्यात शिरून पाण्यावर. वाऱ्यावर त्यांचा आवाज वर येत होता. "ओलगे ओलगे सालम पलगे..." उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे ती ओळ ते दोनदा म्हणत. एकदा आपली, एकदा उत्तराची.

"काका, हे काय करतायत? आमचं तर शेत कधी नव्हतंच."

"नव्हते."

"मग कुणाचं आहे हे?"

त्या चिंचेखाली आमची कोप उभारली जात असे. मी संगीताला तेवढेच सांगितले. पुढचे तिने विचारले नाही. तिने हातातला रुमाल डोळ्यांना लावला आणि गाडीकडे गेली.

अप्पा सायकल ढकलीत वर आले. मला पाहून चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"वकीलसाहेब? तुम्ही इकडं?"

"स्थळपाहणी," मी म्हणालो. "तुम्हाला हे कोणी सांगितले होते?"

"काकींनी. तुमच्या आईनं." ते खाली पाहून बोलत होते. "आमच्या वडलांची बदली झाली, तवा काकी म्हणाल्या, वैजू, कुठंबी ऱ्हा, अमावास्येला शेतावर यायचं, शेत आपलंच हाय. म्या म्हटलं, हाव." मग म्हणाले, "त्यात पाण्याचं काई बोलल्या न्हवत्या."

"मला का सांगितले नाही?"

"तुम्ही इकडं बघत न्हाई म्हणून."

त्यांनी मडके पुढे केले. तळाशी थोडी आंबील उरली होती. आंबट होती, मीठ अधिक झाले होते. मी उभ्यानेच सगळी प्यालो.

संगीता परत आली. मी तिला निर्णय दिला: सायकल विकली जाणार नाही, आणि अप्पा कोठेही जाणार नाहीत. तिने मान डोलावली आणि वडिलांच्या चिखलाने भरलेल्या पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून दिले. "पुढच्या वर्षी मी येईन," ती म्हणाली. "हाड मोडायचं तर माझ्यासमोर मोडा."

"ये की," अप्पा म्हणाले. "पर तुझ्या गाडीचे टायर इथं चालायचे न्हाईत."

गोविंदराव टपरीवर आता असे सांगतात, की त्या दिवशी मी पाण्याकडे पाहिले आणि रडलो. हे साफ खोटे आहे. मी पाण्याकडे पाहत नव्हतो. मी टायर पाहत होतो. सायकलीपाशी वाकून मी मागचा टायर अंगठ्याने दाबला, तेव्हा अप्पा अभिमानाने म्हणाले, "बघा वकीलसाहेब, एवढ्या गाळातून आलो, टायरला माती म्हणून न्हाई. यंदा बरुबर घेतलाय."

होती. दोन बटणांच्या मधल्या फटीत, नखभर, काळी, ओली. समोरच्याचे विधान चुकीचे असता ते खोडून काढावयाचे, हा माझा जन्माचा धर्म.

"नाही," मी म्हणालो, "काहीच नाही," आणि ती माती नखाने काढून मुठीत घेतली.