डावीकडून दुसरे

चूक शोधण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! असलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय, आणि लिहिल्या लिहिल्या खोडावंसं वाटतंय. एरवी मी कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी त्याचीच माफी मागतो. पण छापखान्यात खिळे जुळवण्यात हयात गेली. शिशाची अक्षरं उलटी असतात, आरशातल्यासारखी. ती मी सुलट्यासारखी घडाघडा वाचायचो, आणि त्यातली चूक नजरेतून सुटली तर शपथ!

म्हणून तर आमच्या विसरलेल्या कविमास्तरांना उजेडात आणायचं मी मनावर घेतलं. परक्या राजवटीत ते इथल्या शाळेत शिकवायचे. शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरला त्यांच्या कविता खुपल्या. त्यानं नोकरी घालवली आणि माणूस पार विस्मरणात गेला. त्यांचा एकुलता एक कवितासंग्रह मला छापखान्यातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली सापडला. टेबल त्या दिवसापासून डुगडुगतंय, पण साहित्य सावरलं!

मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. म्हणजे दारापर्यंत जाऊन परत फिरत होतो, तेवढ्यात बायकोनं मागून आत ढकललं. बाई खूश! सभागृहात मास्तरांची भलीमोठी तसबीर लावायची आणि अनावरण त्यांच्या नातीच्या हातून करायचं ठरलं. नात ऐंशीच्या पुढची. फोनवर म्हणाली, "घरात आजोबांचा एकही फोटो नाही हो. चेहरा पुसट व्हायला लागलाय. माझे डोळे आहेत तोवर एकदा दाखवा."

शाळेच्या माळ्यावर एक जुनी काचेची निगेटिव्ह मिळाली. शाळेच्या पाटीखाली चार खुर्च्या, त्यांवर चार गृहस्थ. नावं शाळेच्या जुन्या अंकात छापलेली होती: डावीकडून दुसरे कविमास्तर, तिसरे इन्स्पेक्टर. फोटोवाल्यानं फोटो छापून आणला. मी भिंग लावून पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं, "बिनचूक!" म्हणालो, आणि डावीकडच्या दुसऱ्यांचा चेहरा दरवाजाएवढा करायला सांगितला. काय ते कपाळ! काय त्या मिशा! काव्य नुसतं ओसंडत होतं!

समारंभाला सभागृह गच्च भरलं. तसबीर पडद्याआड, आणि चौघांचा तो फोटो छापलेली निमंत्रणपत्रिका प्रत्येकाच्या हातात. प्रास्ताविकासाठी माझं नाव पुकारलं. मी उठतोय तोच बायकोनं सदरा ओढला.

"अहो, ही पाटी उलटी का छापलीय?"

"कुठे उलटी? स्वच्छ वाचता येतेय की!"

"तुम्हाला येते हो! माणसांना नाही येत!"

फोटोवाल्यानं काच पालथी ठेवून फोटो छापला होता! डावं ते उजवं, उजवं ते डावं! म्हणजे डावीकडून दुसरे... अरे देवा! पडद्यामागे मास्तरांच्या पोटावर पाय देणारा इन्स्पेक्टर, आणि पहिल्या रांगेत नात, पदरानं चष्मा पुसत!

माझं बोलणं संपेपर्यंत पडदा उघडणार नव्हता. मग संपवायचंच नाही! तेवढ्यात वीज जाईल, भूकंप होईल, काहीतरी होईलच की! चारचौघांत 'नमस्कार' म्हणताना अडखळणारा मी, अख्खा कवितासंग्रह वाचायला लागलो. बाई खोकल्या. मग उठून जवळ आल्या.

"आवरा!"

"बाई, उत्तरार्ध राहिलाय!"

माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. कविता संपल्या तेव्हा मी शेवटच्या पानावरचं शुद्धिपत्रही भावपूर्ण आवाजात वाचलं. भूकंप काही झाला नाही. शेवटी बाईंनीच नातीला हाताला धरून वर आणलं आणि तिच्या हाती दोरी दिली.

पडदा सरकला. मिशा प्रकटल्या. उरलेल्या मंडळींनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. नात तसबिरीच्या अगदी जवळ गेली.

"हे आजोबा नव्हेत."

"नव्हेतच," मी पुटपुटलो. माइक चालू होता, त्यामुळे पुटपुटणं सभागृहभर घुमलं. "हे इन्स्पेक्टर आहेत. चूक माझी."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. नातीचे खांदे हलायला लागले. रडवलं म्हातारीला! असं म्हणून मी हात जोडणार, तर ती हसत होती!

"अहो, आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, या बाबाला एकदा समोर बसवून माझी एकूण एक कविता ऐकवीन! आज ऐकल्या की त्यानं! राहू दे तिथंच!"

मी खिशातलं भिंग तिच्या डोळ्याशी धरलं आणि पत्रिकेवरच्या तिसऱ्या खुर्चीवर बोट ठेवलं. चुरगळलेला कोट, किडकिडीत मान, ओठ घट्ट मिटलेले.

तिनं खूप वेळ पाहिलं. "हेच," ती म्हणाली. "हसू दाबताना असेच दिसायचे."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. आता सभागृहात समोरासमोर दोन तसबिरी आहेत. मास्तर हसू दाबतायत, इन्स्पेक्टर ऐकतोय.

त्या दिवशी घरी जाताना मला जरा उभारी आली. बायकोला म्हटलं, "काही म्हण, पण इन्स्पेक्टर शेवटपर्यंत जागचा हलला नाही हं!"

"त्याला भिंतीला ठोकलं होतं," ती म्हणाली, "आणि मला तुमच्या गळ्यात बांधलंय. नाहीतर कोण थांबतंय!"