तिव्याची मोजदाद

बसवंतराव सलोत्री, म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर, पालमजवळच्या त्या गावात तिव्याची मोजदाद करायला आले, तेव्हा आजारी बैल तीन होते. तिवा म्हणजे डास-चिलटं चावून येणारा बैलांचा ताप, तो तीन दिवसांत उतरतो. पण तापल्या बैलाला जुंपलं, तर तो बसतो तो उठतच नाही. म्हणून बसवंतरावांनी नामी युक्ती काढली. आजारी बैलाच्या शिंगाला गेरूचं बोट लावायचं आणि गेरूवाल्या बैलाला सरकारी वेठ माफ.

गेरू काय, घरोघरी असतो. दुसऱ्या दिवशी आजारी बैल एकोणीस झाले, तिसऱ्या दिवशी बासष्ट. गावात बैलच बासष्ट होते! तहसीलदारांचा दौरा उद्यावर आला होता आणि त्यांचं सामान फुकटात वाहायची हौस कुणालाच नव्हती. पोळा होऊन महिना उलटला, तरी गावानं पुन्हा शिंगं रंगवली. आता कचेरीला कळवायचा तरी कोणता आकडा?

वेठीला बैल काढायचं काम गावच्या माणिकराव पाटलांकडं. ते कडाडले, "रंगाचं काई सांगू नका! आदी कडूबाईचा बैल काढा."

कडूबाई एकटी बाई. तिचा एकुलता एक बैल खरोखरच तापला होता. त्याच्या गळ्याला मिठी मारून ती म्हणाली, "सायेब, ह्यो मेला तर माझी रब्बीची पेरणी कशी व्हायची?"

बसवंतरावांना स्वतःच्या युक्तीची लाज वाटली आणि मग ते इरेला पेटले. "पाटील, बासष्टच्या बासष्ट तपासतो. तवर एकाच्या बी मानंवर जू चढायचं न्हाई!"

ताप मोजायची काचेची नळी घेऊन ते एकेका शेपटीमागं उभे राहिले. दोन लाथा खाल्ल्या, धोतर शेणानं माखलं, पण गडी हटला नाही. कडूबाईच्या बैलाला एकशे पाच ताप भरला. तोवर खरे आजारी निघाले चारच.

शेवटी पाटलांचा गोठा आला. सहा बैल, आणि गेरू सगळ्या गावात ठळक.

"कालपास्नं लंगडायलेत," पाटील पुटपुटले.

सहाही ठणठणीत निघाले.

"जुंपा, पाटील."

"आमचा गडी गावाला गेलाय," पाटील कपाळाला हात लावून मटकन बसले. "अन् माझंच अंग तापायलंय. लय तापायलंय!"

बसवंतरावांनी सहाव्या बैलाची नळी काढली, धोतराला पुसली आणि शांतपणे म्हणाले, "बगतो की. सरकारनं नळी एकच दिलीय. वळा."

पाटलांनी चाबूक उचलला. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "उतरला."