पद्माकर दातारांचा डावा पाय

दोन्ही

शोरूममध्ये एकशे चाळीस सोफे होते आणि पद्माकर दातारांना त्यांतल्या एकावरही बसायची परवानगी नव्हती.

गुरुग्रामच्या त्या फर्निचरच्या दुकानात ते विक्रेते म्हणून लागले, त्याच दिवशी मॅनेजर धवलने नियम सांगून टाकला होता. धवल अठ्ठावीस वर्षांचा, पद्माकर एक्कावन्न.

"सर, बैठना मत. बैठेगा कस्टमर. आप बैठोगे तो वो समझेगा ये वाला बिक गया."

सकाळी अकरा ते संध्याकाळी आठ. तीन महिने असं उभं राहून धवलचं समाधान झालं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार. आधीच्या आयटी कंपनीने पद्माकरांना बावीस वर्षं खुर्चीत बसवलं होतं आणि एका मंगळवारी खुर्च्यांसकट अख्खा विभागच बंद केला होता. त्यानंतर सात महिने ते द्वारकेच्या फ्लॅटमध्ये बसून होते. त्यांच्या वाट्याचं बसणं बहुधा संपलं होतं.

तेव्हा प्रश्न आला बुटांचा. तो त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

"चामड्याचेच घ्या. पाय श्वास घेतो."

"चामडं अजिबात नको, दिल्लीच्या उन्हाळ्यात पाय शिजतो."

"सोल जाड पाहिजे."

"सोल पातळ पाहिजे. जमीन कळली पाहिजे."

"खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय फुगलेला असतो."

"पानिपतच्या बसमध्ये दोन जागा उरल्यात, कोणाला हव्यात का?"

"पाय फुगत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा."

पद्माकरांनी सगळं दोनदा वाचलं आणि पहिल्यापेक्षा कमी कळलं. म्हणून पानिपतच्या दोन जागा घेऊन टाकल्या. तेवढा एक निर्णय तरी झाला.

शेवटी अंबादास सरांचा फोन आला. गणिताचे शिक्षक, राहणार शेजारच्याच सेक्टरमध्ये. "दातार, मी रोज सात तास फळ्यासमोर उभा असतो. सात वर्षं एकाच जातीचा बूट वापरतोय. काळा, बंदाचा, रुंद टाचेचा. मलाही नवा जोड घ्यायचाय. चला बरोबर."

करोल बागेतल्या दुकानदाराने पद्माकरांचा पाय मापला. "नौ नंबर, सर."

"आठ," पद्माकर म्हणाले.

"सर, उमर के साथ पाँव थोड़ा फैलता है."

"अहो, नऊ म्हणतोय तर नऊ घ्या ना," बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी कुमुदिनी म्हणाल्या.

"अगं, कॉलेजपासून आठ आहे. पोट वाढलं, कबूल. कपाळ वाढलं, तेही कबूल. पाय कशाला वाढेल?" मग त्यांनी वडिलांचं वाक्य काढलं, जे ते दर बूटखरेदीला काढत. "नवा बूट चावलाच पाहिजे. न चावणारा बूट आणि न भुंकणारं कुत्रं घरात ठेवू नये."

अंबादास सरांनी नऊ घेतला, पद्माकरांनी आठ. बाकी दोन्ही जोड हुबेहूब सारखे.

पहिले तीन आठवडे पद्माकरांचे दोन्ही पाय सारखेच दुखले. यात काही गोंधळ नव्हता. वडिलांच्या सांगण्याबरहुकूम चाललं होतं.

कुमुदिनी

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुधन्वा केळकरांकडे नव्या घराचा सत्यनारायण होता. आठव्या मजल्यावर, दाराबाहेर चाळीसेक माणसांची पादत्राणं. काही उताणी, काही एकमेकांच्या अंगावर, एक चप्पल थेट लिफ्टच्या तोंडाशी.

आता कुमुदिनींचा स्वभाव असा की विस्कटलेली पादत्राणं ओलांडून त्यांना पुढे जाताच येत नाही. मंगल कार्यालय असो, देऊळ असो, दवाखाना असो. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," म्हणतात आणि पदर खोचून वाकतात. डाव्याशेजारी उजवा, टाचा भिंतीकडे. एकदा तर एका दुःखाच्या घरीसुद्धा त्यांनी आधी चपला लावल्या होत्या आणि मग रडल्या होत्या.

केळकरांच्या पॅसेजमधला दिवा गेला होता. अंधुक उजेडात दोन काळे डावे, दोन काळे उजवे. कुमुदिनींनी त्यांची लग्नं लावून दिली. पत्रिका, म्हणजे आतला नंबर, पाहिला नाही.

वाचकाला कळलं. पद्माकरांना कळायला सहा आठवडे लागायचे होते.

उजवा

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा पाय बुटात शिरला आणि बऱ्याच वर्षांनी माहेरी आलेल्या लेकीसारखा ऐसपैस पसरला, बोटं लांब झाली, तीन आठवडे शेजारणीच्या कुशीत तोंड खुपसून बसलेली करंगळी बाजूला सरकून मोकळी झाली, टाचेला पाठ टेकायला जागा मिळाली, आणि अकरापासून आठपर्यंत जे काही झालं, म्हणजे ट्रक आला, गाद्या उतरल्या, धवल तीनदा ओरडला, त्यातलं उजव्या पायाला काहीही ऐकू आलं नाही.

डावा

चावला.

एक वाजला. करंगळी. टाच. पुन्हा करंगळी. दोन वाजले असतील. नाही. एक वाजून दहा.

दोन्ही

"एकच पाय दुखतो म्हणजे काय?" कुमुदिनी म्हणाल्या.

"म्हणजे एकच दुखतो. उजवा मुरला. डावा मुरेना."

"डाव्या कुशीवर झोपता म्हणून."

"बाबा, पोस्चर आहे तुमचं," अश्लेषा म्हणाली. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, जन्म आणि बाराखडी दोन्ही दिल्लीत. "आणि तो वाला नॉब पण सुजलाय, देखो."

"घोटा म्हणतात त्याला."

"हां, वही यार. घोटा."

मग फिजिओथेरपिस्ट. त्याने पद्माकरांना अनवाणी उभं केलं, चालवलं, वाकवलं, दोन्ही पाय फीत लावून मोजले. "दोनों पैर बिल्कुल ठीक हैं."

"और दर्द?"

"दर्द भी ठीक है. बस, आ कहाँ से रहा है, ये समझ में नहीं आ रहा." त्याने डाव्या टाचेखाली ठेवायला एक जाड मऊ गादी दिली. आठ नंबरच्या बुटात आता पाय आणि गादी असे दोन भाडेकरू राहू लागले.

पद्माकर रात्री दिवाणावर बसून दोन्ही तळव्यांकडे आळीपाळीने बघत. एकाच आईबापाचे. एकाच वेळी शाळेत गेलेले. एकाच दिवशी बूट घेतलेले. एकाचं असं आणि एकाचं तसं कसं झालं?

शोरूम

डिसेंबरच्या मध्यापर्यंत पद्माकरांनी तीन सोफे विकले होते. बरोबरीच्या मुलांनी अकरा-अकरा. धवल त्यांना हल्ली नुसतं "सर" म्हणायचा, "सर जी" म्हणणं त्याने सोडलं होतं. हे लक्षण पद्माकरांना जुन्या कंपनीतून चांगलं माहीत होतं.

एके दुपारी ते सगळा भार उजव्यावर टाकून, डावा किंचित उचलून, बगळ्यासारखे एका करड्या सोफ्याच्या पाठीला धरून उभे होते. एक बाई आल्या, मागे त्यांचे यजमान.

"भाई साहब, ये कैसा है?"

पाठ केलेलं उत्तर होतं: सागवानी सांगाडा, उच्च दर्जाचा फोम, पाच वर्षांची हमी. पण त्याच क्षणी डावी करंगळी चावली आणि पद्माकरांच्या तोंडून भलतंच गेलं.

"मैडम, आप इस पर बैठिए," ते डोळे मिटून म्हणाले. "पहले कमर को पता चलेगा. फिर घुटनों को. पाँव को सबसे आख़िर में. पाँव को लगेगा कि किसी ने उसे माफ़ कर दिया."

बाई बसल्या. यजमानही बसले. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "ले लेते हैं."

त्या आठवड्यात नऊ सोफे गेले. गुडगावातून माणसं नोएडातल्या नातेवाइकांना घेऊन यायला लागली, 'वो पैर उठाने वाले अंकल' कुठे आहेत असं दारातच विचारत. धवलने कॅमेऱ्यात पाहिलं: दातार सर एका पायावर उभे, हात सोफ्यावर, चेहऱ्यावर अशी ओढ की बघणाऱ्यालाच खाली बसावंसं वाटावं.

"सर जी," तो म्हणाला, "ये आप कहाँ से लाते हो?"

पद्माकरांना माहीत नव्हतं. दुखतंय हे माहीत होतं आणि विकलं जातंय हे माहीत होतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

काला अंब

चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतला, लढाईच्या जागी काला अंबला गेली. धुकं इतकं की स्मारक अंगावर आल्यावरच दिसलं. तिळगूळ झाला, पोवाडा झाला, मग भाषणं. दोन तास सगळे उभे. ज्या जागी पूर्वजांनी एवढं सोसलं तिथे खुर्ची मागायला कोण धजावणार?

भाषणं संपली तशी मंडळी हिरवळीवरच्या सतरंज्यांवर कोसळली. पद्माकरांनी डावा बूट काढला. शेजारी अंबादास सरांनी उजवा काढला. दोघांनी एकमेकांच्या मोज्यांकडे पाहिलं.

"तुमचा उजवा?" पद्माकर म्हणाले.

"दीड महिना झाला. डावा एकदम छान, उजव्यात मात्र कोणीतरी बसलंय. तुमचा डावा?"

"तोही दीड महिन्यापासूनच. एक्स-रे काढला?"

"काढला. काही नाही. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. मी म्हटलं, टेन्शन एकाच पायाला?"

"मला गादी दिली."

"मला गोळ्या."

दोन बूट गवतावर वाकडेतिकडे पडलेले. तिळगुळाचा डबा घेऊन येणाऱ्या कुमुदिनींना ते दिसले. डबा खाली ठेवून त्या वाकल्या. डाव्याशेजारी उजवा, टाचा झाडाकडे. या वेळी लख्ख दुपार होती, धुकं वर गेलं होतं, आणि आतले आकडे त्यांच्या डोळ्यांत भरले.

"अहो," त्या म्हणाल्या, "आठ आणि आठ."

पद्माकरांनी पायातला उजवा काढून आत पाहिलं. नऊ. अंबादास सरांनी डावा काढला. नऊ.

"केळकरांचा सत्यनारायण," अंबादास सर गणित सोडवल्यासारखे म्हणाले.

"मी फक्त नीट लावले होते," कुमुदिनी म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक जोड तसाच विस्कटलेला सोडून सतरंजीवर जाऊन बसल्या.

दोन्ही

अदलाबदल झाली. परतीच्या प्रवासात अंबादास सर बसमध्ये पाय हलवत गाणं म्हणत होते. पद्माकरांच्या दोन्ही पायांत आठ होता. दुसऱ्या दिवशी कुमुदिनींनी त्यांना करोल बागेत नेलं. दुकानदाराने काही न विचारता नऊ काढला आणि पद्माकरांनी काही न बोलता घातला.

दोन्ही पाय माहेरी.

"भाई साहब, ये कैसा है?"

"अच्छा है, मैडम. फोम है."

"आरामदायक है?"

"हाँ. पाँच साल की गारंटी है."

मॅडम पुढच्या दुकानात गेल्या. पंधरा दिवसांत एक सोफा गेला, आणि तोही गिऱ्हाइकाने चुकून स्वस्त समजून घेतला. पद्माकर डोळे मिटून बघत, एक पाय उचलून बघत, पण पाय उचलल्यावर नुसता उचललेलाच वाटे. तीन महिने पुरे व्हायला दहा दिवस उरले होते. धवल परत "सर" वर आला.

"तबियत ठीक है ना, सर?"

"एकदम ठीक," पद्माकर म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. तबियत ठीक होती. हेच तर बिघडलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून जुना जोड काढला. डावा आठ पायात घालून पाहिला. करंगळीने लगेच ओळख दिली. डोळ्यांपुढे आपसूक एक सोफा आला.

तेवढ्यात फोन वाजला. अंबादास सर. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "दातार, तुमचा तो जुना उजवा रिकामाच आहे का हो?"

"का?"

"कसं सांगू. तो पायात होता तोवर नववी ब एकदम गप्प बसायची. माझा चेहराच तसा असायचा. आता सगळं आरामात आहे, मी हसतमुख असतो, आणि परवा वर्गात कोणीतरी शिट्टी वाजवली. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे."

"डावा मला लागतो," पद्माकर घाईने म्हणाले.

"डावा तुमचाच. मला उजवा पुरे."

कुमुदिनींनी तो उजवा स्वतः पिशवीत घालून दिला. "चोवीस वर्षांच्या संसारात," त्या म्हणाल्या, "माझ्या रॅकवर एकटा बूट कधी राहिला नव्हता."

उरलेल्या नऊ दिवसांत चौदा सोफे गेले.

डावा

फेब्रुवारीत धवलने नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात दिलं. वर एक बढतीही होती. नव्या विक्रेत्यांना पद्माकरांनी शिकवायचं, सर जी जसं बोलतात तसं बोलायला. आणि शिकवणाऱ्याला खुर्ची. गोल फिरणारी, हातांची, डोकं टेकायला उशी असलेली.

पद्माकर खुर्चीपर्यंत गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. समोर पहिल्या दिवशीची नवी मुलगी होती, कृतिका, नागपूरची. हातात वही.

"सर, मला माहिती सगळी पाठ आहे," ती म्हणाली. "फोम, लाकूड, हमी. पण तुमच्यासारखं मनातून येत नाही. काय करू?"

पद्माकरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मऊ, पांढरे, चांगले मोकळे बूट.

"नंबर काय तुझा?"

"पाच."

"चार घेऊन ये," पद्माकर म्हणाले. "फक्त डावा."