कार्ड गोठवण्याची रीत

एक हेअर ड्रायर.

आईची तडा गेलेली कवळी.

स्टीलचा डबा. झाकण हरवलेलं.

वाटाण्यांची पिशवी, जिला राहतं घर सोडावं लागलं.

संयम हा मुळात तापमानाचा प्रश्न आहे. शून्याखाली तो कुणालाही जमतो. हे सत्य माझ्या दादाला एका बचत कार्यशाळेत कळलं. (फी क्रेडिट कार्डावर भरायची सोय होती. आयोजकांची दूरदृष्टी.) घरी येताच त्याने कुटुंबाची सभा बोलावली. उद्दिष्ट एकच: कार्डाची उधारी थांबवून आईला नवी कवळी. जुनी मधोमध तडकल्यापासून आई दुधात पाव बुडवून दिवस काढत होती, आणि दादा दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत होता.

कार्ड पाण्याच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये गोठवण्यात आलं. जागेअभावी वाटाणे बाहेर. काही घ्यावंसं वाटलं तर बर्फ आपसूक वितळेपर्यंत थांबायचं. तोवर इच्छा मरते, असं शास्त्र सांगतं.

शास्त्राने दादाला पाहिलेलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्याला वहिनीचा हेअर ड्रायर सापडला. मसाजची खुर्ची आली (पैशांच्या काळजीने पाठ धरते, तिच्यावर उपाय). वहिनी ड्रायरवरून चिडली, म्हणून कार्डासाठी स्वतंत्र ड्रायर आला. घरातल्या नव्या वस्तूंत बचतीच्या साधनांचं प्रमाण आता एकसष्ट टक्के झालं.

मग नियम कडक केला. यापुढे बर्फ वितळवायचा तो घ्यायच्या वस्तूच्या समक्ष. म्हणजे तिच्याकडे बघून वेळीच पश्चात्ताप होईल. शिवाय पातळ बर्फ लवकर वितळतो, सबब बर्फ जाड हवा. जाड बर्फाला मोठा डीप फ्रीजर हवा.

"आणि माझे दात?" आईने विचारलं. (हातवारे करून. दातांशिवाय 'दात' म्हणणं कठीण असतं.)

"आई, फ्रीजर आला की बचतीला कसा जोर येतो बघ."

"मी काय फ्रीजर चघळू?"

"अहो, आधी त्यांचं बघा ना," वहिनी म्हणाली.

"भावनेच्या भरात खर्च करायचा नसतो," दादा म्हणाला आणि पंधरा दिवस फ्रीजरचं मॉडेल निवडत बसला.

शेवटी डबा टॉवेलात गुंडाळून आम्ही दुकानात गेलो. दादाने फ्रीजरसमोर बैठक मारली. सेल्समनने आपणहून प्लग दाखवला. दादा फ्रीजरकडे टक लावून ड्रायर फिरवत होता, पश्चात्तापाची वाट बघत. पश्चात्ताप काही आला नाही. आली ती कवळी. मधोमध तडकलेली.

सेल्समनने वाकून नीट पाहिलं. "साहेब, हे आमच्या मशीनमध्ये चालणार नाही."

घरी आई मसाजच्या खुर्चीत बसून कडक टोस्ट खात होती. कडाकडा. दादा मॉडेल निवडत होता तेव्हाच वहिनी तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. जाताना दोघींनी डब्यात कार्डाच्या जागी बदली भरती केली होती.

"पण पिन? पिन कसा कळला तुला?"

"तुझी जन्मतारीख," आई म्हणाली. "तेव्हा मी तिथंच होते."

दादाने सभा घेऊन योजना यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. उद्दिष्ट साध्य, फ्रीजर टळला, वाटाण्यांचं पुनर्वसन झालं. वाचकांनीही ही रीत घरी जरूर राबवावी. कार्डाचा नंबर फोनमध्ये साठवलेला असेल (आहेच), तर फोनही डब्यात घालावा. मात्र त्याआधी, आपल्या घरी दुधात पाव कोण बुडवतंय, तेवढं बघून घ्यावं.

कार्यशाळेची फी कवळीच्या किमतीएवढीच होती.