कोठीचं झाकण

“घराचं काय मोडायचं, बांधायचं ते करा. पण आषाढ सरायच्या आत आपला गणपतीचा पाट पेणला मूर्तिकाराकडे गेला पाहिजे. आणि दुसऱ्याच्या हाती देऊ नको गो. घरच्या बाईनं सुपारी ठेवून न्यायचा.”

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पनवेलला जाताना विमलबाईंनी रोह्याच्या एस.टी. स्टँडवर सुनेला हे बजावलं होतं. सून मार्टा, पोलंडची. मराठी मात्र सासूच्या पदराला धरून शिकलेली. “व्हय आई, मीच नेईन,” तिनं शब्द दिला. वर्षभर माहेरी आजारी वडिलांपाशी राहून ती आणि नवरा नितेश नुकते गावी परतले होते. छप्पर पावसाआधी झालं होतं, आता आतलं काम चाललं होतं.

नेमका जायच्या दिवशी फरशीचा टेंपो दारात आला. शेजारचा हरेश पेणलाच निघाला होता. मार्टानं ओटीवरच्या लाकडांच्या ढिगातून चौकोनी, खाली आडव्या पट्ट्या असलेला पाट उचलला, धुतला, हळदकुंकू लावलं आणि सुपारी बांधून हरेशच्या हाती दिला.

दोन दिवसांनी मूर्तिकार काळुरामचा फोन आला. “वहिनी, पाट पोचला. यंदा मोठा गणपती काय?”

“मोठा?”

“तीन फुटी पाट धाडलाय तुम्ही. आम्ही पाट बघूनच मूर्ती बसवतो. सोमवारी माती धरतो.”

मार्टाला वाटलं, पाट चुकला म्हणावं, तर तो हरेशच्या हाती धाडून शब्द मोडल्याचं सासूबाईंच्या कानावर जाणार. “व्हय,” ती म्हणाली, “यंदा मोठाच.”

फोन ठेवला आणि तिची नजर नव्या दारावर गेली. माहेरच्यासारखी मोठी खिडकी हवी म्हणून तिनंच केरू गवंड्याकडून दार अडीच फुटी करून घेतलं होतं.

“केरूदादा, दार मोठं करा.”

“परवाच लहान केलं ना बाय?”

“देव यायचाय.”

 केरूनं हात जोडले आणि घण उचलला.

संध्याकाळी नितेश धाटावच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आला, तर समोर भगदाड. “सकाळी इथं दार होतं ना गो?”

तेवढ्यात ओटीवरच्या भाताच्या कोठीपाशी आलेल्या शेजारच्या धोंडुबाई ओरडल्या, “अगो मार्टा, उंदीर भात खातायत! कोठीचं झाकण कुठाय?”

चौकोनी. तीन फुटी. खाली आडव्या पट्ट्या. काम करताना गवंड्यांनी ते लाकडांत ठेवलं होतं आणि मार्टानं पाट म्हणून उचललं होतं.

“पेणला.”

“झाकण? पेणला काय करतंय?”

“गणपतीची वाट बघतंय.”

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावेना. मग भात वाचवायला तिघांनी मिळून कोठी उपसली. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडून बघितलं, तर खरा पाट!

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मार्टानं पनवेलला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. सासूबाईंनी आधी दाराचंच विचारलं.

“दार मोडलंस म्हणतेस?”

“व्हय आई.”

“झ्याक झालं! नितेशनं त्या चिंचोळ्या दाराचा फोटो धाडला, तेव्हापासून मला घास जात नव्हता. त्या जुन्या रुंद दारातूनच मी नवरी होऊन आले गो. पण तू हौसेनं केलंस, बोलू कशी?” मग आवाज जरा खाली आला. “आणि पाट मीच कोठीत ठेवला होता. गवंड्यांच्या पायाखाली नको म्हणून. तुला सांगायचं तेवढं राहिलं.”

सोमवार यायच्या आत, दुसऱ्याच दिवशी आंघोळ करून मार्टानं तुळशीला पाणी घातलं, पाटावर सुपारी ठेवली आणि त्याच लुगड्यात बांधून स्टँड गाठला. हरेशनं मोटारसायकल थांबवली. “आणा वहिनी, पेणलाच चाललोय.”

मार्टानं हसून मान हलवली, पाट छातीशी धरला आणि पेणच्या गाडीत जाऊन बसली.