सातही जण सुखरूप

माणूस स्वतःपासून हरवला की त्याला शोधून काढायला किमान साडेतीनशे सीसीचं इंजिन लागतं, हे आता सर्वमान्य आहे. पूर्वी लोक त्यासाठी घरातच डोळे मिटून बसत. त्यात पेट्रोल वाचत असे, पण फोटो चांगले येत नसत.

लातुरात हे शोधकार्य आमचं मुक्तपथ मोटारसायकल मंडळ करतं. मी मंडळाचा सरचिटणीस. अध्यक्ष आलोक पेशानं दंतवैद्य आहेत. (खड्डे बुजवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, रस्ते मात्र त्यांच्या कक्षेबाहेर.) मिहिर प्राध्यापक, सोमेशचं कापडाचं दुकान, आणि उरलेले तिघे आपापल्या गाडीच्या नावानं ओळखले जातात. एकूण सात.

'कुणालाही मागे सोडायचं नाही' हे आमचं ब्रीद. ते जाकिटाच्या पाठीवर छापलेलं असतं, म्हणजे मागे राहिलेल्याला नीट वाचता येतं. त्यासाठी पुच्छप्रमुख असं स्वतंत्र पद आहे. त्यानं सगळ्यांच्या शेवटी राहायचं आणि कुणी मागे पडलं नाही ना, ते पाहायचं. खुद्द पुच्छप्रमुख मागे पडला तर काय, असा प्रश्न एका सभेत सोमेशनं विचारला होता. प्रश्न महत्त्वाचा असल्यानं ते पद त्यालाच देण्यात आलं.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही आडवाटेनं देवणीला निघालो. सहलीत फोन बंद ठेवायचे असतात. स्वतःशी संपर्क व्हायचा तर इतरांशी तोडावा लागतो.

नळेगावच्या पुढं सोमेशची क्लचची वायर तुटली. त्यानं हॉर्न दाबून धरला. पण आमचे सायलेन्सर आवाज वाढवण्यासाठीच खास बसवून घेतलेले असल्यानं कुणाला काही ऐकू आलं नाही. आम्ही वळणाआड गेलो.

नेमक्या त्याच वेळी पुढच्या पांदीतून गुंडप्पा नावाचा एक शेतकरी जुन्या मोपेडवर बाहेर पडला आणि आमच्या मागे लागला. म्हणजे आपल्या गावी चालला. दुपारी त्याची मुलगी शिवकांता हिला बघायला पाहुणे यायचे होते. हँडलला केळीचा घड, पायाशी साखरेची पिशवी, आणि अंगात रस्त्याच्या कामावर मिळालेलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. लांबून ते हुबेहूब आमच्यासारखं दिसतं. (आमचं सात हजारांचं आहे.)

अध्यक्षांनी पुलावर थांबून आरशात दिवे मोजले. स्वतःचा धरून सात भरले. समोर एवढे लोक थांबलेले पाहून पुढं पोलीस असतील म्हणून गुंडप्पाही थांबला.

"सोमेशनं गाडी बदलली काय?" मिहिरनं मला हळूच विचारलं.

"साथीदाराच्या गाडीवर टीका करायची नाही, असा नियम आहे," मी म्हणालो.

हेल्मेटं घातलेली सहा माणसं आपल्याकडंच बघताहेत हे पाहून गुंडप्पा घाबरला. त्यानं मोपेड सुरू केली आणि आम्हाला ओलांडून सुसाट निघाला. असा पेच मंडळाच्या इतिहासात कधी आला नव्हता. पुच्छप्रमुखाच्या मागे कुणी राहता कामा नये, आणि आम्ही सगळेच मागे राहिलो होतो. अध्यक्षांनी हात उंचावला आणि आम्ही त्याच्या पाठी लागलो.

गुंडप्पा पांदीत शिरला, आम्ही शिरलो. तो हरभऱ्याच्या बांधावरून गेला, आम्ही हरभऱ्यातून गेलो. शेवटी तो थेट आपल्या अंगणात घुसला आणि पाठोपाठ सहा गाड्या धडधडत आत आल्या. कोंबड्या छपरावर गेल्या.

ओसरीवर पाहुणे बसले होते. नवऱ्या मुलाचे वडील महादेवप्पा आधीच येऊन पोहोचले होते आणि लग्नात मुलाला मोटारसायकल हवी, हे त्यांनी नुकतंच गुंडप्पाच्या बायकोच्या कानावर घातलं होतं. अंगणातला नजारा पाहून त्यांना भरून आलं.

"आवो गुंडप्पा, एवढ्या कशाला आणल्याव? एक लई झाली!"

मुलगा तोवर उठून गाड्यांभोवती फिरू लागला होता. "बापू, ही निळी बरी हाय," तो म्हणाला. निळी अध्यक्षांची. कुणी गाडीबद्दल विचारलं की अध्यक्षांना राहवत नाही. त्यांनी त्याला इंजिन, ब्रेक आणि मायलेज सविस्तर समजावून सांगितलं. पोहे आले. मुलगी बघायचं सगळेच विसरले.

दारात उभी असलेली शिवकांता हे सगळं पाहत होती. ती उदगीरला नर्सिंग शिकते. ट्रे खाली ठेवून ती बाहेर आली.

"तुमची बघून झाली का?" तिनं मुलाला विचारलं.

"हाव," तो निळीवरून न उतरताच म्हणाला. "एक नंबर हाय."

"मग तिलाच घेऊन जावा. माझं न्हाई जमायचं."

गाड्या देण्याघेण्यातल्या नाहीत हे कळल्यावर महादेवप्पांचंही जमेना. ते मुलाला खाली ओढून निघून गेले. गुंडप्पा ओसरीच्या पायरीवर बसला. चेहरा उतरलेला होता. पण शिवकांता शेजारी येऊन बसली आणि एक केळ सोलून तिनं त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा त्यानं ते खाल्लं.

"साहेब," तो मग अध्यक्षांना म्हणाला, "तुम्ही माझ्या मागं का लागलाव?"

"आम्ही कुणाला मागे सोडत नाही."

"पण म्या तर तुमच्या म्होरं होतो!"

अध्यक्ष भारावले. त्यांनी गुंडप्पाच्या डोक्यावर जादा हेल्मेट चढवून सर्वांचा फोटो काढायला लावला.

परतीच्या मोजणीत सहाच भरले. अध्यक्षांनी पुन्हा मोजायला लावलं, तरी सहाच. पण मिहिरनं शांतपणे तर्क लढवला. येताना सातवा गुंडप्पा होता, गुंडप्पा त्याच्या घरी आहे, म्हणजेच सातवा सुखरूप घरी पोहोचला आहे. सगळ्यांना हायसं वाटलं. अध्यक्षांनी फोटो फेसबुकवर टाकला: 'सात निघालो, सातही जण सुखरूप!'

इकडे सोमेश बाभळीखाली बसून होता. चुकलेल्यानं जागा सोडायची नाही, हा नियम त्याला पाठ होता. आपले लोक परत आले की 'अरे, काही नाही, तुम्ही उगाच आलात' असं कसं हसत म्हणायचं, हे त्यानं बराच वेळ मनाशी घोळवलं. आम्ही परतताना डांबरी रस्ता धरला. ऊन कललं तेव्हा त्यानं कांद्याच्या टेम्पोत गाडी चढवली आणि घर गाठलं.

अक्षरानं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. "फोटो बघितला बरं का! कडेचे तुम्ही ना? किती खूश दिसताय."

सोमेशनं फोटो मोठा करून पाहिला. कडेला हेल्मेट घालून गुंडप्पा उभा होता.

"हो," तो म्हणाला. "मजा आली." आणि त्यानंही अंगठा दाबला.

तो फोटो आपणही पाहिला आहे. खाली 'जबरदस्त, सोमेशभाऊ!' असं लिहिणाऱ्यांत आपलं नाव आहे, मी आत्ताच पाहिलं. मंडळाला आपल्यासारख्याच माणसांची गरज आहे. पुच्छप्रमुखाचं पद सध्या रिकामं आहे.