मावशीसाहेबांचा पाय आणि कोरडी भिंत

बाकावरील समस्त थोर मंडळी, खोकलेवाले, तापवाले आणि नुसतेच सोबतीस आलेले, यांचे सेवेसी. आपण आज्ञा केली की, आपल्या ग्रामीण रुग्णालयात हाडांचा फोटो काढावयाचे यंत्र कोणे प्रकारे दाखल जाहले, भिंत कोणी पाडिली आणि कोणी उभी केली, ती हकीकत साद्यंत लिहून ऐकवावी. त्यावरून जैसे डोळ्यांनी पाहिले तैसे लिहिले आहे. जो मजकूर अधिक वाटेल तो बखरकाराच्या भक्तीचा, आणि जो उणा वाटेल तो सरकारी खात्याच्या कृपेचा समजावा.

तर पेशजी या मुलखात कोणाचे हाड दुखावले म्हणजे त्यास गाडीत घालून शहरी रवाना करीत, आणि शहरचा रस्ता ऐसा की, एक दुखणे घेऊन निघालेला मनुष्य दोन घेऊन पोहोचे. रयतेने अर्ज लिहून लिहून हात दुखविले, आणि मग सरकारास दया उपजली, आणि एक्स-रे यंत्राचा निधी मंजूर होऊन गतसाली एक अजस्र लाकडी पेटी व्हरांड्यात येऊन उतरली. लोक खुशाल जाहले. मग पेटी तिच्या खोलीत न्यावयास गेले, तो खोलीचे दार एक वीत अरुंद.

ऐसियास काय करावे म्हणोन वर लिहिले. वरून उत्तर आले की, निधी यंत्राचा आहे, दाराचा नाही. दाराची मागणी पुढील साली करावी, म्हणजे त्याचे पुढील साली विचार होईल. बरे, पेटी फोडून यंत्र सुटे करून आत न्यावे, तर पेटीवर कंपनीची मोहोर, आणि ती कंपनीच्या इंजिनिअरसाहेबांनीच तोडावी ऐसा करार. आणि इंजिनिअरसाहेब तेव्हाच येणार जेव्हा पेटी आपल्या खोलीत जाऊन बसेल. हा पेच ज्याने घातला त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, परंतु मुत्सद्दी मोठा खरा. मग पेटी व्हरांड्यातच राहिली. लोक तिजवर डबे ठेवू लागले आणि लेकरांची दुपटी वाळवू लागले, आणि फोटो काढणारे तंत्रज्ञ, जे खास या कामी नेमून आले होते, ते औषधांच्या खिडकीत बसून खोकल्याच्या बाटल्या देत आणि मधूनच पेटीकडे पाहून सुस्कारा टाकीत.

इतक्यात एके सोमवारी दोन संकटे एकदम चालून आली. पहिले ऐसे की, वरून हुकूम सुटला: यंत्र शुक्रवारी दुपारपावेतो खोलीत न बसल्यास ते उचलून शहरच्या मोठ्या इस्पितळी पाठवावे, जेथे ऐशी यंत्रे आधीच तीन आहेत. दुसरे संकट मुदपाकखान्यात घडले.

रुग्णालयाचा मुदपाकखाना मावशीसाहेबांचे ताब्यात. डॉक्टर आले आणि बदलून गेले, नर्सबाई आल्या आणि बदलून गेल्या, परंतु मावशीसाहेब कायम. हात सढळ आणि जीभ तिखट. रुग्णाने ताटात भात टाकिला तर डॉक्टरांच्या आधी यांना कळे, आणि रुग्ण डॉक्टरांहून यांनाच अधिक भिऊन बरा होई. तर त्या सोमवारी मावशीसाहेब दुधाचे पातेले उचलून वळल्या आणि ओल्या फरशीवर पाय निसटून पडल्या. पातेले सांडू दिले नाही. पाय मात्र घोट्यापाशी भोपळ्यासारखा सुजला.

रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरबाई, वयाने तरुण आणि स्वभावाने खोट्याची चीड असलेल्या, यांनी पाय पाहिला, फळी बांधिली, दुखण्यावर गोळी दिली, आणि मत दिले की, फोटो काढिल्यावाचून हाडाचे खरे कळणे नाही; सबब अँब्युलन्सने शहरी जावे. त्यावर खाटेवरून फर्मान सुटले.

“मला नाही जायचं शहरात. मी गेले की तुम्ही म्हणणार, चाललं की बिनयंत्राचं. मग शुक्रवारी ते खोकं पण जाणार. फोटो काढायचा तर इथंच काढा.”

डॉक्टरबाईंनी समजावून पाहिले की, हाड सरकले असेल आणि तैसेच जुळून आले, तर मावशीसाहेब जन्मभर लंगडतील आणि मुदपाकखाना हातचा जाईल. मावशीसाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरविले. मग तह ठरला तो ऐसा: शुक्रवार दुपारपावेतो वाट पाहावी, तोवर यंत्र चालू न जाहल्यास मावशीसाहेबांनी हूं की चूं न करिता शहरी जावे.

मग खलबत बसले. मोठे बाबू, जे रुग्णालयाची कचेरी सांभाळितात आणि ज्यांस सारे नियम तोंडपाठ असून त्यांपैकी एकही आजवर कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, ते डोळे मिटून बसले आणि बऱ्याच वेळाने बोलिले की, दार रुंद करणे हे नवे बांधकाम, त्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु ओल लागलेली भिंत पाडून पुन्हा बांधणे ही किरकोळ दुरुस्ती, आणि तिचा अधिकार डॉक्टरबाईंस आहे. भिंत पुन्हा बांधिताना दार वीतभर रुंद जाहले, तर ते गवंड्याच्या हातून घडले म्हणावे. हे ऐकून सर्वांनी बाबूंकडे नव्या नजरेने पाहिले. डॉक्टरबाई मात्र उठून गेल्या, भिंतीवर हात फिरविला, परत आल्या आणि बोलिल्या की, भिंत खडखडीत कोरडी आहे, आणि जे नाही ते मी लिहिणार नाही. ओल दाखवा, सही करिते.

येथे बखरकारास थांबून भिंतीचे वर्णन करणे प्राप्त आहे. ही भिंत मावशीसाहेबांचे यजमान गवंडीबुवा यांनी जवानीत स्वहस्ते बांधिलेली. पुढे त्यांनी घरे बांधिली, शाळा बांधिली, परंतु जीव या भिंतीवर. येता जाता तिजवर थाप मारीत आणि नवख्या माणसास थांबवून सांगत की, हिला कान लावून बघा, घुमते कशी. बायकोचे कौतुक बुवांनी चारचौघांत कधी केले नाही. भिंतीचे रोज करीत.

तर बुधवारी सकाळी ओल आणावयाची मोहीम निघाली. बादल्या, घागरी, रबरी नळ्या, जे ज्याचे हाती लागले ते घेऊन फौज भिंतीवर चालून गेली. अँब्युलन्सचे ड्रायव्हर आघाडीस, त्यामागे नर्सबाई, त्यामागे रुग्णांचे नातलग, आणि ज्यांस चालवते ऐसे काही रुग्णही सलाईनचा दांडा हाती धरून आले. पाण्याचा मारा दुपारपावेतो चालला. परंतु गिलावा ऐसा घोटीव की पाणी वरून पडे आणि खालून निघून जाई. व्हरांड्यात तळे साचले, बाकावरील मंडळी पाय वर घेऊन बसली, आणि फौज नखशिखांत भिजली. भिंत पुसून घेताच कोरडी.

गवंडीबुवा समोर खुर्ची टाकून बसले होते.

“ओता, अजून ओता,” ते म्हणाले. “सगळं गाव भिजेल, ती नाही भिजायची.”

आणि ते हसले, आणि फौजेचा धीर सुटला. ड्रायव्हर बादली आपटून अँब्युलन्समध्ये जाऊन बसले. मोठे बाबू सदरा पिळीत कचेरीत गेले. लोक आपसांत कुजबुजले की, बुवांस बायकोचा पाय उणा आणि विटा अधिक. ते बुवांनी ऐकिले.

मग बुवा जेवणाचा डबा घेऊन बायकोच्या खाटेकडे निघाले. दाराशी येऊन थबकले. मावशीसाहेबांनी त्यांस पाहिले नव्हते. इतका वेळ सर्वांशी हुज्जत घालणाऱ्या, नर्सबाईंस भातात पाणी किती घालावे ते खाटेवरून ओरडून सांगणाऱ्या मावशीसाहेब एकट्या होत्या, आणि पदराचा बोळा दातांत धरून, डोळे मिटून पडल्या होत्या, आणि पाय थरथरत होता. बुवा डबा दाराशीच ठेवून माघारी फिरले आणि थेट डॉक्टरबाईंचे खोलीत गेले.

“लिहा,” ते म्हणाले. “भिंत ओली आहे.”

डॉक्टरबाईंनी वर पाहिले. “बुवा, मी आत्ता हात लावून आले.”

“वरून नाही कळायचं. आतून ओल आहे. सिमेंट कमी घातलं होतं मी. घाईत होतो. भिंत मी बांधली का तुम्ही?”

डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढिला आणि बोलिल्या की, खुद्द बांधणाराच जबानी देतो, तर मी नाही म्हणणारी कोण. आणि ती जबानी शब्दशः उतरून घेतली, बुवांची सही घेतली आणि खाली आपली केली. बुवांनी सही करिताना कागदाकडे पाहिले नाही. पन्नास वर्षांच्या हुन्नरात या हाताने खोटे काम केले ऐसे कोणी म्हणू शकले नव्हते, ते त्यांनी आपणच लिहून दिले.

गुरुवारी सूर्य उगवताच भिंतीस मोर्चे लागले. पहिला घण गवंडीबुवांचा. घण पडिला आणि भिंत हालली नाही. दुसरा पडिला, गिलाव्याची कपची उडाली. ड्रायव्हर पुढे झाले, त्यांच्या घणाचा दांडा मोडला. तंत्रज्ञांनी वर्षभराचा राग काढिला, तरी वीट म्हणून निघेना. प्रत्येक घावागणिक बुवांची जबानी सपशेल खोटी ठरत चालली, आणि ते सर्वांस दिसत होते, आणि कोणीही शब्द काढिला नाही. केवळ मोठे बाबू घाम पुसून बोलिले, “ओल फारच आतवर गेलेली दिसते.” डॉक्टरबाई तेव्हा एका लेकराचा ताप पाहात होत्या, आणि तो एक ताप त्या दुपारपावेतो पाहात राहिल्या.

मग भिंत पडली. बुवांनी एकेक वीट उचलून, पदरचे फडके काढून पुसून, बाजूस रचिली. मग पेटीस दोर लावून, खाली लाटण्यासारखे लोखंडी नळ घालून, समस्त फौजेने हाकारे देत ती खोलीत नेऊन बसविली, आणि इंजिनिअरसाहेबांस फोन गेला की, पेटी आपल्या जागी आहे, निघावे. साहेब म्हणाले, सकाळी येतो, परंतु चारी भिंती उभ्या असल्यावाचून यंत्र चालू करणार नाही. मग बुवांनी थापी हाती घेतली. दिवस मावळण्याआत भिंत उभी राहिली, दार वीतभर रुंद होऊन. ज्यांनी आदल्या दिवशी कुजबूज केली होती, त्यांनीच विटा हातोहात दिल्या, आणि बुवांस चहा पाजताना त्यांच्या नजरेस नजर दिली नाही.

शुक्रवारी इंजिनिअरसाहेबांची स्वारी आली. मोहोर तुटली, यंत्र उभे राहिले, तंत्रज्ञांनी हात धुऊन बटणावर बोट ठेवून पाहिले. मावशीसाहेबांस खाटेसकट आत नेले. सर्वांस बाहेर काढून दार लाविले. व्हरांड्यात खोकलेवाल्यांनीही खोकला दाबून धरिला.

मग चित्र आले, ते डॉक्टरबाईंनी खिडकीच्या उजेडास धरिले. घोट्याच्या वरी हाडात केसाएवढी रेघ होती. हाड जागचे सरकले नव्हते. प्लास्टर घालावे, काही आठवडे पाय टेकू नये, मग मावशीसाहेब पूर्ववत चालतील आणि पूर्ववत बोलतील, ऐसा निवाडा जाहला. व्हरांड्यात आनंद मावेना. ड्रायव्हरांनी अँब्युलन्सचा भोंगा वाजविला, त्याबद्दल नर्सबाईंनी त्यांची कानउघाडणी केली.

मावशीसाहेबांनी चित्र पाहावयास मागितले. बुवा खाटेशी उभे होते, हात सिमेंटने फाटलेले.

“एवढ्याशा रेघेसाठी तुम्ही भिंत पाडलीत?”

“भिंत ओली होती,” बुवा म्हणाले. “तसं लिहून दिलंय मी.”

मावशीसाहेबांनी चित्र बाजूस ठेविले.

“तुमची भिंत,” त्या म्हणाल्या, “आणि ओली.”

इतक्या दिवसांत ज्यांनी कोणापुढे डोळ्यातून टिपूस काढिले नव्हते त्या मावशीसाहेब रडू लागल्या, आणि नवऱ्याचा हात धरिला, आणि डॉक्टरबाई, बाबू, इंजिनिअरसाहेब, सगळा दरबार पाहात असता सोडिला नाही. बुवांनीही सोडविला नाही.

येणेप्रमाणे शुक्रवारी मुदतीआत फत्ते जाहली. यंत्र मुलखातून गेले नाही आणि मावशीसाहेबांस मुलूख सोडावा लागला नाही. सरकारी दप्तरी भिंत ओली आणि बांधणारा कसूरवार ऐसे दाखल आहे, ते दप्तराने खुशाल सांभाळावे. भिंत कोरडी होती. हे बखरकाराने येथे नमूद करून ठेविले आहे.